बदलीचा अर्ज आणि दोन शहरे

बदलीच्या अर्जावर पसंतीक्रमाचा रकाना बोटभर रुंदीचा असतो. त्यात एका गावाचे नाव लिहावयास अर्धे मिनिट पुरते. परंतु त्या अर्ध्या मिनिटापूर्वी एखाद्या कुटुंबाने पंधरा-पंधरा रात्री जागून काढलेल्या असतात. मुलीची दहावी कोठे व्हावयाची, पत्नीची नोकरी टिकणार की सुटणार, वृद्ध आईला कोणत्या इस्पितळात न्यावयाचे, गावाकडच्या चार एकरांकडे कोणी पाहावयाचे, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्या एका नावात दडलेली असतात. मुंबई वा पुणे हा पर्याय समोर असेल तर निर्णय एका अर्थी सोपा असतो. तेथे पगाराचा मोठा हिस्सा घरभाड्यात जातो आणि दिवसाचा मोठा हिस्सा प्रवासात जातो, हे सर्वांस ठाऊक आहे; ज्यास ते परवडते तो जातो, ज्यास परवडत नाही तो जात नाही. खरी कोंडी होते ती दोन मध्यम शहरांपैकी एकाची निवड करताना. नाशिक की छत्रपती संभाजीनगर, हा असाच एक प्रश्न असून बँकांतील लिपिक, महाविद्यालयांतील अध्यापक, कारखान्यांतील पर्यवेक्षक आणि नुकतीच पदवी घेतलेले तरुण यांच्यापुढे तो वर्षानुवर्षे उभा राहत आलेला आहे.

कागदावर पाहू जाता ही दोन शहरे जुळी भावंडे वाटावीत. दोहोंच्या महानगरपालिका १९८२ सालच्या. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या सुमारे पंधरा लाख होती, तर तेव्हाच्या औरंगाबादची पावणेबारा लाखांच्या आसपास होती. दोन्हीकडे 'सिडको'ने १९७० च्या दशकापासून नवी नगरे वसविली आणि आजही दोन्ही शहरांत रिक्षावाल्याला नुसते 'सिडको' म्हटले की पुरते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग दोन्ही जिल्ह्यांतून जातो आणि ५ जून २०२५ पासून तो ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता वाहतुकीस खुला झाला आहे. सरकारी दप्तराने तर दोहोंत काडीचाही फरक केलेला नाही. सातव्या वेतन आयोगाच्या घरभाडे भत्त्यासाठी पन्नास लाखांवरील लोकवस्तीची शहरे 'एक्स' वर्गात आणि पाच ते पन्नास लाखांची 'वाय' वर्गात धरली गेली. त्यानुसार नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही 'वाय'. म्हणजे एकाच पदावरचा लिपिक येथे रुजू झाला काय आणि तेथे रुजू झाला काय, त्याच्या पगारपत्रकात एका रुपयाचा फरक पडत नाही.

फरक पडतो तो स्वयंपाकघरातील नळाशी. गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशिकच्या मधून वाहते आणि पुढे पैठणला नाथसागरात साठते. नाशिककरांचे गंगापूर धरण शहराच्या उशाशी आहे. संभाजीनगरला मात्र त्याच नदीचे पाणी पैठणहून, सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावरून, उपसून वर चढवून आणावे लागते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये ज्याचे उद्घाटन झाले, त्या जायकवाडीसारख्या विशाल धरणाच्या शेजारी राहूनही या शहरातील अनेक वसाहतींनी वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड, आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक अंतराने, नळाची वाट पाहिली. धरणात पाणी नसते म्हणून ही स्थिती आली असे नव्हे. ज्या दोन मुख्य जलवाहिन्यांवर शहराची तहान अवलंबून राहिली त्या १९७० आणि १९९० च्या दशकांतील होत्या. शहर वाढत गेले, वाहिन्या मात्र जुन्या होत गेल्या आणि फुटत राहिल्या. नव्या योजनेचे भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झाले. तेव्हा तिचा खर्च १,६८० कोटी रुपये सांगितला गेला होता. पुढे तो २,७०० कोटींच्या वर गेला. याच भूमीत सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी वसविली आणि जमिनीखालील नहरींतून, कोणत्याही यंत्राविना, केवळ उताराच्या बळावर पाणी गावात आणले. पाणचक्की पाहावयास येणाऱ्या प्रवाशांना ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. ती ऐकताना स्थानिक नागरिकाच्या मनात काय येत असेल, हे सांगावयास नको.

चार दिवसांआड येणारे पाणी ही नुसती गैरसोय असते, असे ज्यांना वाटते त्यांनी त्याचा हिशेब मांडून पाहावा. पाण्याचा दिवस आणि पाण्याची वेळ यांवर घराचे वेळापत्रक ठरते. नळ कचेरीच्या वेळी आला तर कोणीतरी रजा टाकावी लागते, आणि ते कोणीतरी बहुधा घरातील स्त्री असते. ती नोकरी करीत असेल तर तिच्या किरकोळ रजा पाण्यावर खर्च होतात आणि मुलाच्या आजारपणासाठी उरत नाहीत. घर भाड्याने घेताना खोल्या किती यापेक्षा टाकी केवढी हे आधी विचारावे लागते. टँकरचे पैसे वेगळे मोजावे लागतात. ज्या घराचे भाडे नाशिकपेक्षा कमी म्हणून आनंद झाला, त्या घराची बचत अशा रीतीने उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत टँकरच्या चाकांखाली जाते. घरभाडे भत्त्याच्या कोष्टकात या खर्चाला रकाना नाही.

म्हणून नाशिक पत्करावे आणि प्रश्न संपवावा, असे कोणी म्हणेल. नाशिकची हवा, नाशिकची द्राक्षे, नाशिकचा शांत स्वभाव यांचे गोडवे महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या गायिले गेले आहेत आणि ते सर्वस्वी खोटे नाहीत. कामाच्या दृष्टीनेही या शहराचा पाया जुना आहे. नाशिकरोडला १९२५ मध्ये प्रतिभूती मुद्रणालय आले, १९२८ मध्ये नोटांचा छापखाना आला. १९६४ पासून ओझरला विमानांचा कारखाना उभा राहिला. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी हजारो कुटुंबांना स्थैर्य दिले. मुंबई जवळ आहे. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने तर मुंबईत काम आणि नाशकात घर ही जीवनपद्धतीच रूढ केली.

तथापि ही जवळीकच नाशिकचे एक दुखणे आहे. मुंबईचा पैसा येथे घरांत गुंतविला जातो आणि घरांच्या किमती स्थानिक पगाराकडे पाहून ठरेनाशा होतात. मुंबई जवळ असल्यामुळे स्वतःच्या संस्था उभारण्याची निकड या शहराला उशिरा जाणवली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये येथे स्थापन झाले खरे, पण सर्वसाधारण महाविद्यालयीन शिक्षणासाठी नाशिक अद्याप पुणे विद्यापीठाच्याच छत्राखाली आहे. आणि त्या पुण्याला जाणारा सरळ लोहमार्ग अजून व्हावयाचा आहे. गोदावरी शहराच्या मधून वाहते याचा अभिमान सर्वांना आहे. परंतु २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिच्या पुराने काठच्या वस्तीची आणि बाजारपेठेची काय अवस्था केली, तेही विसरता येण्याजोगे नाही. शिवाय रस्ते, पूल आणि घाट यांची मोठी कामे सिंहस्थाच्या निमित्ताने होण्याची या शहराला सवय जडली आहे. २००३, २०१५ आणि आता २०२६-२७, असा बारा वर्षांचा हा पाळणा. पर्वणीसाठी आलेला निधी यात्रेकरूंच्या सोयीने खर्च होतो, आणि मधल्या वर्षांत नागरिकाने वाट पाहावयाची असते.

संभाजीनगरच्या पदरात काय आहे, हेही त्याच निःपक्षपातीपणाने पाहिले पाहिजे. हे शहर मराठवाड्याची राजधानी आहे. राजधानीचे सर्व बरेवाईट त्याच्या वाट्याला आलेले आहे. १९२३ चे शासकीय महाविद्यालय, १९५८ चे विद्यापीठ, १९५६ चे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे आठही जिल्ह्यांतील गोरगरिबांना आधार वाटणारे 'घाटी' रुग्णालय, १९८१ पासूनचे उच्च न्यायालयाचे खंडपीठ ही सारी एका शहरात एकवटली आहेत. चिकलठाणा आणि वाळूज यांनी १९८० च्या दशकात दुचाकींचा आणि सुट्या भागांचा मोठा व्यवसाय उभा केला. शेंद्रा-बिडकीनच्या नव्या औद्योगिक नगरीकडे आज बाहेरचे भांडवल येत आहे. शिक्षक, वकील, संशोधक, परिचारिका, अभियंता यांना येथे नुसती नोकरी मिळत नाही, तर आपल्याच व्यवसायातील माणसांचा सहवास मिळतो. मध्यम शहरात ही गोष्ट मोलाची असते. एका नोकरीवर बेतलेले स्थलांतर ती नोकरी गेली की कोलमडते. त्याच गावात दुसरे दार ठोठावता येते की नाही, हे अर्ज भरतानाच पाहावयास हवे. त्यातही पती-पत्नी दोघेही मिळवते असतील तर 'माझी नोकरी' या एकेरी शब्दात विचार करणे आत्मघातकीपणाचे ठरते.

शहराचा स्वभावही अशा निर्णयात मोजावा लागतो. नाशिक इंग्रजी अमलात वाढले. १८४० पासूनचे त्याचे सार्वजनिक वाचनालय त्या काळाची खूण आहे. औरंगाबाद १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १९५६ मध्ये मराठवाड्यासह मुंबई राज्यात आले. त्यामुळे तेथील बोलीत दख्खनीची लय आहे, खाण्यात नान-खलिया आहे आणि सार्वजनिक जीवनात संघर्षाची सवय आहे. दोन शहरांना जोडणारा एक दुवा विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार ज्यांच्या अनुयायांसाठी उघडले नाही, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीस वर्षांनी, १९५० मध्ये, औरंगाबादेत महाविद्यालय उघडले. तेच पुढे 'मिलिंद' म्हणून नावारूपास आले आणि मराठवाड्यातील कितीतरी खेड्यांतील पहिली पदवीधर पिढी तेथून बाहेर पडली. शहर माणसाला काय देते, याचा विचार भाडे आणि भाजीचे दर यांपाशी थांबू नये, असे या घटनेवरून कोणालाही वाटेल.

या दोन शहरांमधील निवड आणखी एका कारणाने साधी राहत नाही. वरच्या आणि खालच्या धरणांतील पाणीवाटपाचा वाद हा नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यामधील जुना सल आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले; २०१४ मध्ये प्राधिकरणाने त्यानुसार आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावयाचे, असा दंडक ठरला. २०१५, २०१८ आणि २०२३ या साली पाणी सोडताना काय घडले ते वृत्तपत्रांच्या वाचकांस स्मरतच असेल. एकीकडे 'आमचे पाणी पळविले' अशी ओरड झाली आणि दुसरीकडे 'आमच्या हक्काचे पाणी अडविले' अशी. गंमत अशी की, नाशकात चार वर्षे पहिली घोषणा ऐकणारा लिपिक बदली होऊन संभाजीनगरला आला की त्याच्या तोंडी दुसरी घोषणा येते. त्याचे मत बदलण्यास कोणताही युक्तिवाद लागत नाही; त्याचा नळ बदलला की पुरते. दोन्ही काठांवर राहिलेली अशी हजारो कुटुंबे या महाराष्ट्रात आहेत. या वादात दोन्ही बाजूंचे दुःख जाणणारे लोक खरे तर तेच. पण त्यांस कोणी विचारीत नाही आणि तेही बोलत नाहीत.

ते का बोलत नाहीत? बदलीवर आलेला माणूस स्वतःस त्या गावचा समजत नाही, हे त्याचे उत्तर आहे. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सरकारी सेवेतील सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरविला. तीन वर्षांसाठी आलेला मनुष्य मतदारयादीत नाव घालीत नाही, वाचनालयाचा सभासद होत नाही, प्रभागाचा नगरसेवक कोण हे विचारीत नाही. आणि हा अलिप्तपणा एकट्या नागरिकाचाच नव्हे. औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार राहिला. नाशिकची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेथेही तीन वर्षांहून अधिक काळ तीच तऱ्हा झाली. ज्या वर्षांत पाण्याच्या योजनेचा खर्च वाढत होता, त्या वर्षांत तिला जाब विचारणारे सभागृहच अस्तित्वात नव्हते. मोर्चे काढण्याची आणि प्रश्न विचारण्याची वेळ मग नागरिकांवर येते. २०१८ च्या कचराकोंडीत तेव्हाच्या औरंगाबादने ते अनुभवले. २०२५ च्या अखेरीस तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाविरुद्ध नाशिककर रस्त्यावर आले, तेव्हाही त्यांत नुकतेच स्थायिक झालेल्यांनी दूर राहण्याचे काही कारण नव्हते. झाडाची सावली अधिवासाचा दाखला पाहून पडत नसते.

मग अर्ज भरणाऱ्याने करावे तरी काय? सल्लागारांची वाण कधीच नसते. परंतु सल्ला देणारा बहुधा स्वतःच्याच आयुष्याचे समर्थन करीत असतो. नाशकात घर बांधलेला मनुष्य संभाजीनगरच्या उन्हाळ्याविषयी बोलतो, आणि संभाजीनगरात रुळलेला मनुष्य नाशिकच्या महागाईविषयी. त्यापेक्षा ज्यास शक्य असेल त्याने दोन्ही शहरांत दोन-दोन दिवस जाऊन यावे, आणि तेही डिसेंबरात न जाता मे महिन्यात जावे. ज्या वसाहतीत राहावयाचे तेथे सकाळी सहा वाजता उभे राहून नळ कधी येतो ते पाहावे. पत्नीच्या वा पतीच्या व्यवसायाची निदान तीन कार्यालये त्या गावात आहेत का, याची चौकशी करावी. मुलांची शाळा पायी गाठता येईल का ते चालून पाहावे. वृद्ध आईवडिलांच्या गावाहून रात्री निघालेली गाडी पहाटे कोठे पोहोचते, आणि मनमाडच्या फलाटावर किती वेळ ताटकळावे लागते, हे वेळापत्रकात पाहून ठेवावे. एवढे केल्यावर बहुतेक कुटुंबांना उत्तर आपोआप दिसू लागते. घरात एकच मिळवता असेल, मुले लहान असतील आणि आधार मुंबईकडचा असेल तर नाशिक सोयीचे, हे मान्य करावयास हरकत नाही. ज्याची मुळे मराठवाड्यात आहेत किंवा ज्याचा व्यवसाय अध्यापन, संशोधन वा वकिलीचा आहे, त्याने मात्र निव्वळ नळाच्या भीतीने संभाजीनगर सोडू नये. बाकीचे पुष्कळ काही तेथेच त्याच्या बाजूचे आहे.

राहिला प्रश्न राज्यकर्त्यांचा. ज्यास निवड करता येते तो प्रत्येक जण पाण्यापायी एका शहराकडे पाठ फिरवू लागला तर त्याचा परिणाम त्या एका कुटुंबापुरता राहत नाही. चांगला शिक्षक येत नाही, आलेला अभियंता टिकत नाही, रुजू झालेला डॉक्टर पहिल्या संधीस बदली मागतो. मराठवाड्याच्या अनुशेषाची मोजदाद १९८४ मध्ये दांडेकर समितीने केली. १९९४ मध्ये विकास मंडळे आली आणि २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांची मुदत सरली. सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेचा अनुशेष मोजला गेला. पसंतीक्रमाच्या रकान्यात ज्या शहराचे नाव दुसऱ्या क्रमांकावर लिहिले जाते, त्या शहराने गमावलेल्या माणसांचा अनुशेष मात्र कोणत्याही अहवालात नाही. दोन शहरांना एकाच वर्गात बसवून एकच भत्ता देणारे सरकार त्यांना एकच नळ देण्याची जबाबदारी टाळू शकत नाही. भत्त्याचा न्याय समान असेल तर पाण्याचाही समान असावयास हवा. तो जोवर नाही तोवर कर्मचाऱ्याने 'मागास भागात' जाण्यास का कू केल्याबद्दल त्यास दोष देण्याचा अधिकार कोणत्याही खात्यास पोहोचत नाही.

आणि कर्मचाऱ्यानेही एक गोष्ट स्वतःपुरती ठरवावी. तीन वर्षांसाठी जावे लागले तरी पहिल्या महिन्यात मतदारयादीत नाव नोंदवावे, दुसऱ्या महिन्यात वाचनालयाची वर्गणी भरावी आणि तिसऱ्या महिन्यात पाण्याच्या वेळेविषयी प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. गाव मग कोणतेही असो, निदान त्या गावात आपण भाडेकरूसारखे राहिलो नाही, एवढे तरी त्यास पुढच्या बदलीच्या वेळी म्हणता येईल.